बिनधुराची गाडी आणि सासरेबुवांचा खोकला

शहरातला धूर कसा कमी करायचा हे मोठमोठ्या साहेबांना कळत नसेल, मला कळलं होतं! मी विजेवरची गाडी घेतली. नंतर आठवडाभर ऑफिसात असा वावरलो, जणू शहराच्या फुप्फुसांचं कंत्राट माझ्याकडेच आहे.

कौतुक नव्हतं ते एकट्या सासरेबुवांना. चाळीस वर्षं डिझेलची इंजिनं खोलून जोडलेला माणूस! त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "जावईबापू, इंजिन चोरीला गेलं वाटतं!"

"डिझेलनेच तुमची छाती बिघडवलीय, बाबा," मी म्हणालो. "शनिवारी डॉक्टरांकडे याच गाडीतून नेतो. नाकात धुराचा कण गेला तर नाव बदलीन!"

शनिवारी सकाळी उठलो तर बिल्डिंगची वीज गेलेली. गाडी रात्रभर उपाशी! रखवालदाराच्या हातापाया पडून जनरेटर सुरू करायला लावला. त्या धुडाने डिझेल पिऊन असा काही ढेकर दिला, की काळा लोट थेट पहिल्या मजल्याच्या खिडकीत. सासरेबुवांच्या!

"अहो!" बायको गॅलरीतून ओरडली. "काय जाळताय खाली?"

"काही नाही! गाडी चार्ज करतोय!"

"ती बिनधुराची ना?"

"गाडी बिनधुराचीच आहे! हा विजेचा धूर आहे!"

आतून सासरेबुवांचा खोकला ऐकू आला. त्यात निम्मं हसू होतं, अशी माझी पक्की खात्री आहे.

तासाभरात जेवढी भरली तेवढ्यावर सासरेबुवा, बायको आणि मी निघालो. चार्ज वाचावा म्हणून एसी बंद, काच खाली. आणि उड्डाणपुलाच्या ऐन चढावर गाडीने मान टाकली! पडदा काळा, बटणं मुकी. मागे ट्रक, त्यामागे बस, त्यामागे नजर जाईल तिथवर गाड्या. सगळ्यांची इंजिनं सुरू, सगळ्यांचे हॉर्न सुरू. एका गाडीचा धूर वाचवायला निघालेल्या मी शंभर गाड्यांचा धूर एका पुलावर गोळा केला होता.

ट्रकवाला बाह्या सरसावत आला. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले.

"उस्ताद! तुम्ही?"

त्याचं इंजिन म्हणे सासरेबुवांनीच तीनदा जगवलं होतं! त्याने कडेकडेने ट्रक पुढे घेतला आणि गाडीला दोर बांधला. सासरेबुवा आणि बायको काचा लावून केबिनमध्ये ऐटीत बसले. गाडीचं स्टिअरिंग धरायला मी एकटा, समोर ट्रकचा सायलेन्सर, आणि माझी काच काही केल्या वर जाईना!

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा माझं तोंड तव्याच्या बुडासारखं झालं होतं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तपासणीची नळी माझ्याच तोंडात कोंबली.

"फुंका!"

"पेशंट मी नाही, हे..." मला खोकल्याची उबळ आली. वाक्य राहूनच गेलं.

मग त्यांनी सासरेबुवांनाही तपासलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा पुसला.

"काकांची छाती पुष्कळ सुधारलीय. यांना मात्र औषध लागेल." ते माझ्याकडे वळले. "काय हो, डिझेलच्या कामावर असता का?"

मी खोकत होतो, म्हणून उत्तर सासरेबुवांनी दिलं.

"छे हो डॉक्टर! हे प्रदूषण कमी करतात!"