शुद्ध तुपासाठी रांग

प्रामाणिक दुकानदार ओळखायची पद्धत ज्या समाजापाशी नाही, त्या समाजातली बाळंतीण सुखी नसते. भाईंदरच्या महिला मंडळाला हे सत्य एकाहत्तरच्या पावसाळ्यात उमगलं. मंडळाच्या चिटणीस विमलाबाईंची लेक आशा माहेरी बाळंत झाली होती आणि डिंकाच्या लाडवांना शुद्ध तूप हवं होतं. भेसळ करणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही, हा विमलाबाईंचा बाणा. (बाणा माहेरच्या रत्नागिरीचा, तूप मात्र इथलंच घ्यावं लागे.)

मंडळाने रीतसर चौकशी केली. स्टेशनाजवळच्या सगळ्या दुकानदारांना "तुम्ही भेसळ करता का?" असं समक्ष विचारलं. सगळ्यांनी देवाशपथ नाही म्हटलं. फक्त धाकू नावाचा एक छोटा दुकानदार मान खाली घालून म्हणाला, "बाई, तूप येतं तेच मिसळलेलं. बाळंतिणीला नका देऊ." भेसळीची कबुली देणारा गावात हा एकटाच निघाल्यामुळे त्याच्यावर एकमताने बहिष्कार पडला.

उरलेल्यांत निवड कशी करायची? मंडळाने ठरवलं, जिथे रांग तिथे सचोटी. लोक काय वेडे आहेत ताटकळायला? हा निकष इतका उघड होता की संध्याकाळपर्यंत तो दुकानदारांनाही कळला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवदासशेटच्या दुकानाची रांग पार नाक्यापर्यंत गेली होती.

विमलाबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या. पुढे शेजारच्या राई गावची सावित्री होती.

"तूप चांगलं असतं ना गं इथलं?"

"मला काय ठावं बाय? आमी घेत न्हाय, नुसतं हुभं ऱ्हातो. पावसात मिठागर बंद हाय ना. शेट चाय-पाव देतो."

विमलाबाई भारावल्या. घ्यायचं काही नसताना माणसं उभी राहतात, केवढा हा विश्वास! वर दुकानदार गोरगरिबांना चहा-पावही देतो! त्यांनी दुप्पट तूप घेतलं.

लाडू झाले. आशाचं पोट असं बिघडलं की तिला उठवेना, अंगावरचं दूध आटलं, आणि बाळ भुकेने रडून रडून निळं पडायला लागलं. मंडळाने पुन्हा चौकशी करून शिवदासशेटला निर्दोष ठरवलं (एवढी रांग खोटी कशी असेल?) आणि ही धाकूचीच दृष्ट असावी, असं मत नोंदवलं. विमलाबाईंना ते पटलं नाही. खरं काय ते सांगेल तर तोच, म्हणून त्या पदर खोचून धाकूकडे धावल्या, तर दुकानाला कुलूप. गिऱ्हाईकच राहिलं नाही म्हणून तो गावी निघून गेला होता.

वाचकांनी विमलाबाईंना खुशाल हसावं. फक्त हसता हसता एवढं आठवून पाहावं, की ज्या दुकानदाराने आपल्याला "हे नका घेऊ" म्हणून सांगितलं, त्याच्याकडे आपण पुन्हा कधी गेलो होतो?