महाजनकाकांचं ‘पास’ आणि ‘रिजेक्ट’

सिल्वासाच्या आमच्या चाळीत नवा भाडेकरू आला, की महाजनकाका आधी त्याला उन्हात उभं करतात, अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढतात आणि मग नाव विचारतात. डोळ्यात पिवळेपणा नसला, तर म्हणतात, “पास.” काका सुताच्या कारखान्यात माल तपासून रिटायर झालेले. शेजारी म्हणून माझी पापणी तर रोजच ओढली जाते.

हे सुरू झालं काकूंमुळे. त्यांचे डोळे पिवळे झाले, तेव्हा कावीळ समजून काकांनी त्यांना महिनाभर उसाचा रस पाजला. निघाला पित्तनलिकेचा कॅन्सर. तेव्हापासून काका वरणाकडेसुद्धा संशयाने बघतात.

मुंबईला काकूंना इम्युनोथेरपी सुरू झाली. शरीराचीच प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनं. गाठ लहान झाली. काकांनी चाळभर पेढे वाटले, तेही शोधून आणलेले पांढरे. पुढच्या तपासणीत गाठ पुन्हा वाढलेली दिसली. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो, म्हणून आतही गेलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गाठीत काही मूळ पेशी असतात. थोड्याच. त्या औषधाला दाद देत नाहीत, शरीराच्या रक्षक पेशींनाही चकवतात. त्यांच्यापासून गाठ परत वाढते, असा आमचा अंदाज आहे.”

“म्हणजे रिजेक्ट माल पास झाला,” काका म्हणाले. “वेचून काढा ना मॅडम.”

“तशी सोय अजून नाही. औषध बदलून बघू. खात्री देता येत नाही.”

“बघा बदलून,” काकू म्हणाल्या. “मला प्रवासाचं काही नाही. गाडी यांनाच लागते.”

परतताना काकू मागच्या सीटवर झोपल्या. सिल्वासाच्या अलीकडे, अथालला, काकांनी चहासाठी गाडी थांबवायला लावली आणि चहा तसाच ठेवला.

“भाऊ, तिला जळगावला बहिणीकडे जायचंय. कधीची मागे लागलीय. मी औषधाचं निमित्त काढून अडवतो.” ते हळू बोलत होते. “ती नसली की आमच्या खोलीत मला बसवत नाही.”

काका उठले, गाडीचं मागचं दार उघडलं.

“सुमन, बहिणीला फोन लाव. नवं औषध सुरू व्हायच्या आत जाऊन ये.”

काकू उठून बसल्या. “आणि तुम्ही?”

“मी कशाला? मी आलो की तू तिथंही माझ्याच जेवणाचं बघत बसतेस.”

काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पाणी मागितलं. काकांनी बाटली उघडून दिली, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत दार धरून उभे राहिले.