शमीम आपाची गाडी आमच्याच दारात

शमीम आपा ज्या घरी जाते, त्या घरापुढे गाडी कधीच लावत नाही. दुसऱ्याच्या दारात लावते. आणि आमच्या वडसा गावच्या गल्लीत हा दुसरा म्हणजे बहुतेक वेळा मीच!

आपा राहते मागच्याच गल्लीत आणि टीबीच्या कामावर आहे. कोणाला टीबी निघाला की त्याच्याजवळ कोण झोपतं, कोण जेवतं, कोण तासन्‌तास बसतं, अशी सगळी माणसं हुडकून तपासायची, म्हणजे रोग पुढे सरकत नाही. काम चांगलं आहे, कबूल. पण ते बाईच्या अंगात इतकं मुरलंय की तिच्याशी दोन शब्द धड बोलायची सोय नाही. हिवाळ्यात मी रातभर झाडीपट्टीचं नाटक पाहून आलो. नायिका कशी मेली, अख्खा मंडप कसा रडला, हे मी रंगवून सांगतोय, तर ही विचारते, "ते जाऊ द्या भाऊ. तुमच्या बाजूले कोण होतं? खोकलत होता का?"

"सारेच रडून राह्यले होते, आपा!"

"रडण्यानं नाई पसरत," ती अगदी गंभीरपणे म्हणाली.

स्वतः मात्र रोग्याचं नाव काही केल्या सांगायची नाही. चहा पाजा, भांडा, शपथ घाला. "नाव सोडून काई बी विचारा," एवढंच.

तर ती गाडी. लाल, शेंबड्या पोरालाही ओळखू येणारी. ती उभी दिसली की गल्ली समजते, या घरात टीबी. म्हणून रोग्याचं दार टाळायचं. वा रे न्याय! त्याची अब्रू झाकायला माझी उघड्यावर टाकायची?

व्हायचं तेच झालं. माझ्या पिंकीचं आरमोरीला जमत आलं होतं, फक्त सुपारी फुटायची बाकी. तेवढ्यात मुलाच्या आईचा फोन. "तुमच्या घरी टीबीवाली बाई येते म्हणे. आमी थोडं थांबतो." थांबतो! टीबी म्हणजे काय चोरी आहे? गोळ्या घेतल्या की बरा होतो! पण तेव्हा मला हे शहाणपण कुठलं सुचायला? मी तडक आपाच्या घरी गेलो.

"सांगा त्याइले, कोणाच्या घरी टीबी हाय ते! माझ्या पोरीचं लग्न मोडून राह्यलं!"

आपाचा चेहरा खर्रकन उतरला. "नाव नाई सांगत, भाऊ. पण माझ्यामुळं झालं हे. मी पाहते."

"काय डोंबल पाहता?" म्हणून मी पाय आपटत परत आलो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. या खेपेला आवाज नरम. "तुमची आपा आली होती. म्हणे, पोरीच्या घरी काई नाई, अन्‌ असतं तरी बरा होते, मलेच पाहा. नव्या लग्नात झाला होता म्हणे तिले. बरी झाली, तरी सासरच्याइनं घरात घेतलं नाई. रडली हो आमच्याइथी." मग बाईच म्हणाल्या, "सुपारीले कधी येऊ?"

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला राग. इतकी वर्षं शेजार, आणि आम्ही समजतोय, हिनं लग्नच केलं नाही! पुन्हा तिच्या घरी गेलो.

"कोणाचं नाव सांगत नाई म्हणता, आन्‌ परक्या लोकाइपुढं सोताचं सांगून आल्या?"

"माझंच होतं ना, भाऊ. माझं मले सांगता येते." ती चहा गाळत होती. "तवा सासरी माझं नाव दुसऱ्यानंच सांगतलं होतं. मले कोणी विचारलं नाई."

कप माझ्यापुढे सरकवून ती हळूच म्हणाली, "लग्नाले येऊ ना? लोकाइले नसंल चालत, तर आदल्या दिवशी येऊन पिंकीले पाहून जाईन."

माझं डोकंच फिरलं. "आदल्या दिवशी?" मी ओरडलो, "हळदीपासून येऊन बसा! पिंकीले पहिली हळद तुमीच लावान! कोण हलकट नाई म्हणते, पाहतोच मी!"

आपानं ओढणी डोळ्यांना लावली. मी दारातून पुन्हा ओरडलो, "आन गाडी आमच्याच दारात लावा!"