दुपारी दोन ते चारचा डोंगर

“हे तुम्ही माझ्यावर सोडा!” सूनबाईने जाहीर केलं आणि ठमीच्या तोंडातला खुळखुळा काढून टेबलावर असा आपटला, जसा न्यायाधीशाने हातोडा आपटावा!

ठमी म्हणजे तिची नुकती रांगायला लागलेली लेक. आणि ‘हे’ म्हणजे विजेचा दर. वीज कंपनीचा निरोप फोनवर आला होता : शुक्रवार संध्याकाळपर्यंत दोहोंपैकी एक दर निवडा. पहिला, दिवसभर सारखाच. दुसरा, घड्याळाप्रमाणे बदलणारा. दुपारी अगदी स्वस्त आणि संध्याकाळी चांगलाच महाग. आणि एकदा निवडलात की वर्षभर तक्रार करायची नाही!

“नाणं उडवू या,” नवरा म्हणाला.

“दुपारी स्वस्त आहे ना? मग तोच घ्या,” सासरे म्हणाले. “स्वस्त ते स्वस्त!”

“अहो बाबा, पण आपण वीज वापरतो कधी, हे कुठे माहीत आहे? चपलांचं दुकान दुपारी अर्ध्या किमतीत विकतंय आणि आपण जाणार संध्याकाळी, तर काय उपयोग?”

सासरे विचारात पडले. चपलांच्या की विजेच्या, ते कळलं नाही.

“करू दे रे तिला,” सासूबाई म्हणाल्या. “संख्याशास्त्र शिकलीय ती. आपल्यात अजून कुणाला तो शब्द तरी नीट म्हणता येतो का?”

सूनबाईची छाती फुगली. ठमी झाल्यापासून नोकरी सुटली होती आणि घरात तिचं मत विचारलं जाई ते एकाच विषयावर : बाटली उकळली का? आज पहिल्यांदाच अख्ख्या घराचा निर्णय तिच्या पदरात पडला होता. तो चुकला असता, तर पुन्हा बाटलीच नशिबी!

त्या दुपारची झोप सोडून सूनबाई लगेच कामाला लागली. मीटर होते खाली, जिन्याखालच्या फळीवर. एक त्यांचा आणि एक समोरच्या दारातल्या काकूंचा. रंगाऱ्याने भिंतीबरोबर मीटरखालचे दारांचे नंबरही उत्साहाने रंगाखाली गाडले होते. पण सूनबाई काय अशी अडणार? एका मीटरचा लाल दिवा पेंगुळल्यासारखा लुकलुकत होता आणि दुसऱ्याचा असा, की जणू त्याला गुदगुल्या होताहेत! वीज जितकी जास्त, तितका दिवा जलद. चार मोठी माणसं आणि एक तान्हं मूल असलेल्या घराचा मीटर पेंगेल कसा? तिने तडफदार मीटर निवडला. शास्त्र म्हणतात ते हेच!

मग सुरू झाला अभ्यास. कडेवर ठमी, कानामागे पेन्सिल, आणि दर दोन तासांनी मीटरचा आकडा टिपायला जिना. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, हे तिने घरातल्या प्रत्येकाला समजावलं. ठमीला तर दोनदा. इतक्या निष्ठेने कुणी देवळाच्या पायऱ्या चढत नसेल. पावसात गेली, सर्दीत गेली, एकदा तर डोक्याला टॉवेल गुंडाळून गेली.

गुरुवारी आलेख तयार झाला आणि सूनबाईच्या हातातली पेन्सिल गळून पडली.

सकाळ बेताची. संध्याकाळ सपाट, म्हणजे आपण किती काटकसरी! पण दुपारी दोन ते चार? हा एवढा डोंगर! शिखरावर झेंडा तेवढा लावायचा बाकी होता. आणि दोन ते चार तर सूनबाई ठमीला घेऊन झोपायची. म्हणजे ती झोपली, की घरात कुणीतरी वीज खात होतं. घास घास नव्हे, पातेलंच तोंडाला लावून!

तिने आलेख फ्रिजवर चिकटवला, सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं आणि पेन्सिलचं टोक डोंगरावर टेकवलं.

“कोण आहे हे?”

नवऱ्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी छताकडे. शेवटी सासूबाईंनीच पदराशी चाळा करत तोंड उघडलं.

“मी गं. गुडघा शेकते विजेच्या पट्टीने. तुम्ही उगाच डॉक्टरकडे न्याल म्हणून बोलले नाही.”

सूनबाईने हिशोब केला. “आई, ती पट्टी म्हणजे एका दिव्याएवढी. तुम्ही वर्षभर गुडघा शेकलात तरी हा डोंगर होत नाही.”

“मग मी असेन,” सासरे घसा खाकरत म्हणाले. “मी दुपारी बागेत फिरायला जात नाही. हॉलमध्ये टीव्ही लावून, आवाज बंद करून… नाच शिकतो.”

“नाच?” सासूबाई किंचाळल्या. “आणि मी गेला महिनाभर तुमच्या बुटांना चिखल नाही, म्हणून किती कौतुक करतेय!”

“अगं, पोट कमी झालंय की नाही?”

सगळ्यांनी पोटाकडे पाहिलं. खरंच झालं होतं! पण टीव्हीने डोंगराची पायरीसुद्धा होईना.

“आणि तू?” सूनबाई नवऱ्याकडे वळली.

नवरा घरूनच काम करायचा आणि महिन्यापूर्वी त्याने साखर सोडली होती. गाजावाजा करून सोडली होती.

“मीटिंग चालू असते ना,” तो पुटपुटला, “तेव्हा टोस्टरमध्ये ब्रेड भाजतो. वर लोणी. त्यावर… साखर.”

“अरे गुलामा!” सासूबाई म्हणाल्या. “डबा रिकामा कसा होतो, म्हणून मी मुंग्यांना दोष देत होते!”

टोस्टर तापट खरा, पण चालणार जेमतेम पाच मिनिटं. सगळी पापं एकत्र केली तरी डोंगराच्या पायथ्याशी एक वारूळ झालं फक्त. सूनबाईचा चेहरा उतरला. शुक्रवार उजाडायला आला होता आणि उत्तराचा पत्ता नाही! तिचे डोळे भरून आलेले पाहून सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“लिही,” त्या ठामपणे म्हणाल्या. “मी कपड्यांचं मशीनपण लावते. रिकामंच.”

“रिकामं? कशाला?”

“ते मला विचारू नकोस. तू डोंगर भर.”

“मीसुद्धा,” सासरे पुढे सरसावले, “इस्त्री करतो. मोज्यांना.”

अशी माणसं मिळायला भाग्य लागतं! पण संख्याशास्त्राला भाग्य चालत नाही. सूनबाईने डोळे पुसले आणि शेवटचा उपाय काढला. शुक्रवारी दुपारी ती झोपली नाही. घरातला मेन स्विच तिने खाडकन खाली ओढला. नवऱ्याची मीटिंग अर्ध्या वाक्यात मेली. सासरे एक पाय हवेत ठेवून तसेच उभे राहिले, कारण पुढची पायरी टीव्हीलाच माहीत होती.

आता घरात वीज नाही, म्हणजे मीटरचा दिवा थांबायलाच हवा. सूनबाई ठमीला घेऊन खाली धावली. बघते तर काय, दिवा पूर्वीपेक्षाही जोरात लुकलुकतोय!

“चोरी!” ती ओरडली. “आपली वीज चोरीला जातेय!”

सासरे बाकी राहिलेला पाय टेकवून खाली पळाले. मागून नवरा, कानाला अजून हेडफोन. त्याच्या मागे जिन्याचा कठडा धरत सासूबाई.

“चोराला असा नाही सोडायचा!” असं गर्जून सासऱ्यांनी मीटरखालचा स्विच फटकन पाडला. दिवा विझला.

आणि वरून, समोरच्या दारातून, काळीज चिरणारी किंकाळी आली.

“माझा के-ए-क!”

काकू ऑर्डरचे केक करायच्या. रोज दुपारी ओव्हन, संध्याकाळी पोचवणं. रोज दुपारी जिनाभर तो वास पसरायचा आणि तो छातीभर घेत घेतच सूनबाई झोपी जायची! जाड हातमोजे घातलेल्या, नाकाला पीठ लागलेल्या काकू जिन्यात आल्या. त्यांच्या हातातल्या साच्यात केक असा बसला होता, की जणू त्याच्यावर हत्ती बसून गेला असावा.

सूनबाईने काकूंकडे पाहिलं. विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. मग शेजारच्या पेंगुळल्या मीटरकडे पाहिलं. घरचा मेन स्विच बंद केल्यापासून तो पेंगत नव्हता. गाढ झोपला होता.

“काकू,” ती कशीबशी म्हणाली, “मी पाच दिवस तुमच्या मीटरचा अभ्यास केला.”

आता काकू काय बोलणार? सासऱ्यांनी स्विच गुपचूप वर केला आणि सासूबाईंच्या मागे जाऊन उभे राहिले. काकूंनी हातमोजे काढले, सूनबाईच्या मागोमाग तिच्या घरात गेल्या, फ्रिजवरचा आलेख निरखून पाहिला आणि एकदम टाळी वाजवली.

“अगं, हा माझा आहे? मला कुठला दर घ्यावा ते कळतच नव्हतं! म्हणजे माझी सगळी वीज दुपारीच जाते? मग मला तो दुपारचा स्वस्तच बरा!” आणि त्यांनी तिथल्या तिथे फोनवर दर निवडूनही टाकला. “आणखी एक ओव्हन घेते बघ. असं डोकं असावं माणसाला! केकचं काय, अजून दोन तास आहेत, दुसरा करते.”

काकू आनंदाने गेल्या. सूनबाई मात्र खुर्चीत कोसळली. शेजारणीचा दर अचूक ठरला होता आणि स्वतःच्या घराचा? तास-दोन तास उरलेले, हातात आकडा एक नाही!

“आकडे नसतील, पण आमचे जबाब आहेत की तुझ्याकडे,” सासूबाई म्हणाल्या.

हे मात्र खरं होतं. सूनबाई ताडकन उठली. नवा कागद, नवा आलेख. दुपारी : गुडघा, नाच, साखरेचा ब्रेड. मिळून एक टेंगूळ. आता संध्याकाळ.

“संध्याकाळी कोण काय वापरतं?”

या वेळी तिघांनीही छताकडे पाहिलं.

“सांगा ना! मी रागावणार नाही.”

“बाळ,” सासूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “ठमीच्या आंघोळीला गीझर कोण लावतं?”

“मी. पण पाणी कोमट वाटलं तर पुन्हा तापवावंच लागतं!”

“तिच्या खोलीतला हीटर?”

“सर्दी होईल ना तिला!”

“बाटल्या दोनदा उकळणं?” नवरा म्हणाला. “दुपट्यांना दोन्ही बाजूंनी इस्त्री?”

“जंतू एकाच बाजूला बसतात का?” सूनबाई म्हणाली, आणि पेन्सिल मात्र वर वर वर चढत राहिली. कागद संपला. शिखर टेबलावरच काढावं लागलं.

महागड्या संध्याकाळचा अख्खा डोंगर तिचा एकटीचा होता! आणि काकूंची सपाट संध्याकाळ पाहून ती नेमका घड्याळाप्रमाणे बदलणारा दर घ्यायला निघाली होती. तिने निमूटपणे दिवसभर सारखा असलेला दर निवडला. ‘आपली निवड नोंदवली आहे,’ फोन म्हणाला.

“हीटर कमी करू का मी?” तिने खाली मान घालून विचारलं.

“अजिबात नाही!” सासूबाई कडाडल्या. “पोरीला ऊब हवीच. आणि निर्णय बरोबर घेतलास की नाही? या घराला डोकं आहे ते तुझंच. यापुढचे सगळे निर्णयही तूच घ्यायचेस.”

सूनबाईची मान हळूहळू वर आली. छाती पुन्हा फुगायला लागली.

“फक्त सुरू करण्याआधी,” सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “घर आपलंच आहे ना, तेवढं मला विचारत जा.”