पुलाकडे बघण्याची व्यवस्था

रॅव्हलबर्न गावच्या घळीवरची फळी मोडली, आणि नगरपरिषदेने त्याच दुपारी तिकडे बघायला सुरुवात केली. फळी म्हणजेच आमचा पूल. दोन काठांवर दोन दगडी ओटे, त्यांवर टाकलेली एक लांब-रुंद फळी आणि धरायला दोरखंड. पलीकडे गावकऱ्यांचे भाजीचे वाफे. दुसरी वाट जुन्या खाणीतून जाते, पण तिथलं फाटक गंजून कायमचं बंद झालेलं आहे. परिषद त्या फाटकाकडेही बघत आहे.

पलीकडच्या वाफ्यांत एक माझा होता आणि त्याला लागून विल्फ हेदरिंग्टनचा. माझ्या वाफ्यात मेथी होती. तिच्यावर मी पाणी सोडलं. पण विल्फच्या वाफ्यात लीक होते. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. इकडे इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅमकडे, तो खाण्यासाठी लावत नाहीत, स्पर्धेसाठी लावतात. पैलवानाच्या दंडाएवढा जाड झाला की त्याला बिअर पाजतात, त्याच्याशी बोलतात आणि सप्टेंबरात क्लबात नेऊन टेबलावर मांडतात. विल्फने सारी उमर कोळशाच्या खाणीत काढली. त्याच्या बापाने ही स्पर्धा जिंकली होती, त्याने एकदाही नाही. यंदा गुडघे शेवटचं ऐकत होते आणि लीक पहिल्यांदाच बापाच्या लीकसारखे भरले होते. त्यांना रोज पाणी हवं होतं.

विल्फ परिषदेच्या कचेरीत गेला. सोबतीला मी होतो. तिथल्या मिस ॲस्क्यू यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला आणि मान कलती केली.

"मिस्टर हेदरिंग्टन, आम्ही त्यात बघतो आहोत."

"बाई, बघायचं काय त्यात? फळी नाहीये. नवीन टाका."

"नक्कीच. त्यातच बघतो आहोत."

"म्हणजे नाही टाकणार?"

"छे! असं कोण म्हणालं?" बाईंना खरंच वाईट वाटलं. "या परिषदेने आजवर एकाही नागरिकाला नाही म्हटलेलं नाही."

इथे थोडा खुलासा करायला हवा. इंग्रजांच्या भाषेत 'लुक' म्हणून एक क्रियापद आहे. अर्थ साधा, बघणे. पण त्याला निरनिराळी शेपटं लावून ही मंडळी सगळा कारभार चालवतात. एक शेपूट लावलं की बघणं म्हणजे सांभाळणं, दुसरं लावलं की वाट बघणं, तिसऱ्याने आदर होतो, चौथ्याने तुच्छता, आणि शेपटाऐवजी डोक्यावर टोपी घातली की काणाडोळा. परिषदेचा सगळ्यात लाडका प्रकार 'लुक इंटू'. शब्दकोशात त्याचा अर्थ कसून चौकशी करणे असा दिलेला आहे. कोश लिहिणारे गृहस्थ रॅव्हलबर्नच्या कचेरीत कधी आले नसावेत.

तरी परिषदेवर आळशीपणाचा आरोप कोणी करू नये. बघायचं म्हणजे बघणारा हवा, म्हणून एक निरीक्षक नेमले. निरीक्षकांना काठ निसरडा वाटला. निसरड्या काठावरून कर्मचाऱ्याने बघणं नियमात बसत नव्हतं. म्हणून काठावर एक भक्कम लाकडी चौथरा बांधायचं ठरलं. गावाला वर्षानुवर्षं न दिसलेले सुतार आठवड्यात हजर झाले. नव्या कोऱ्या ओकच्या लांबच लांब फळ्या आल्या, कठडा झाला, दोन बाक आले, आणि उद्घाटनाला हॅम घातलेले जाडजूड पाव वाटण्यात आले.

विल्फने पाव हातात घेतला, पायाखाली बघितलं आणि घळीकडे बघितलं.

"बाई, यातली एक द्या. एकच. मापही तेच आहे."

"मिस्टर हेदरिंग्टन, या फळ्या बघण्यासाठी मंजूर झालेल्या आहेत. चालण्यासाठी नव्हेत."

"आत्ता तुम्ही त्यांच्यावर चालतच आलात ना?"

"बघायला आले," मिस ॲस्क्यू म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात पाऊस कमी झाला. विल्फ रोज सकाळी चौथऱ्यावर येऊन बसायचा आणि पलीकडच्या लीकांकडे बघायचा. परिषदेने ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी दुर्बीण बसवून दिली. त्यामुळे पानांची टोकं कशी पिवळी पडताहेत ते त्याला अगदी स्पष्ट दिसू लागलं. एकदा तो दुर्बिणीतून बघता बघता पुटपुटला, "थोडा दम धरा रे पोरांनो." मी दुसरीकडे बघितलं. खरं तर मला रडू येत होतं.

मग एका पहाटे त्याने चौथऱ्याची कडेची फळी उखडली. खाणीत लाकडी टेकू खांद्यावर वाहिलेला माणूस तो. एकट्याने फळी ओढत नेली, ओट्यांवर टाकली आणि पलीकडे जाऊन लीकांना पोटभर पाणी पाजलं.

नऊ वाजता निरीक्षक बघायला आले. बघतात तर पूल! परवानगी नाही, तपासणी नाही. रॅव्हलबर्नच्या इतिहासात प्रथमच परिषदेने नुसतं बघितलं नाही. तासाभरात माणसं आली, फळी उचलली आणि चौथऱ्यावर जिथल्या तिथे ठोकून टाकली.

"पण विल्फ पलीकडेच आहे," मी म्हणालो.

मिस ॲस्क्यूंनी दुर्बिणीला डोळा लावला. "हो की. बघतो आम्ही त्यांच्यात."

विल्फ तिकडेच राहिला. वाफ्यावरच्या छपरीत त्याचा स्टोव्ह होता, बटाटे होते, चहा होता. लीक मात्र असे तरारले की चौथऱ्यावर बघणाऱ्यांची रीघ लागली. लोक मुलांना घेऊन यायचे. एखादा पाव इकडे फेका रे कोणीतरी, असं तो ओरडला की सगळे प्रेमाने हात हलवून म्हणायचे, "बघतो हं, विल्फ!"

आज स्पर्धा आहे. बारा वाजता क्लबाचं दार बंद होईल. विल्फ सकाळपासून पलीकडच्या ओट्यावर उभा आहे. अंगात कोट, गळ्यात टाय, दोन्ही काखांत ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोन लीक, तान्ह्या मुलांसारखे. सगळा गाव चौथऱ्यावर आहे. असे लीक कोणी बघितलेले नाहीत, याबद्दल एकमत आहे.

"बाळा!" तो मला हाक मारतो. इकडे साठीच्या माणसालाही 'बाळा'च म्हणतात. "तुमच्या देशात असं झालं असतं तर?"

"आमच्याकडे?" मी छाती फुगवून ओरडतो. "अरे, लोकांनी घटकाभरात ओंडके टाकून तुला खांद्यावर आणलं असतं!"

"मग टाक ना!"

सगळा चौथरा माझ्याकडे बघू लागतो. मी कडेच्या फळीपाशी वाकतो. खिळे सैलच आहेत, पण मी काही खाणीत राबलेला नाही. फळी मला एकट्याला उचलवत नाही. दुसरं टोक धरायला फक्त एक माणूस हवा. इथल्यांना विचारण्यात अर्थ नाही, ते काय म्हणतील ते ठाऊक आहे.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही आपली माणसं. पहिल्या ओळीपासून याच चौथऱ्यावर उभे आहात, मिस ॲस्क्यूंना मनसोक्त हसलात, विल्फसाठी हळहळलातही. बारा वाजायला थोडाच वेळ आहे. या, धरा ते टोक.

काय म्हणालात?

बघू?