मास्तरांची खाकर

मास्तरांच्या वर्गाचा तोंडी परीक्षेचा निकाल चाळीस वर्षं शंभर टक्के लागला होता. म्हणूनच निवृत्तीनंतर कुत्र्याला कर्करोगाचा वास ओळखायला शिकवायचं काम त्यांनी छाती ठोकून घेतलं. "मी दगडांकडून पाढे म्हणवून घेतलेत," ते म्हणत. "याला तर नाक आहे."

विद्यार्थ्याचं नाव ढम्या. सहा डब्यांत लघवीचे नमुने, त्यातला एकच रुग्णाचा. ढम्याने हुंगत जायचं आणि त्या डब्यापुढे बसायचं. आठ महिने शिकवणी झाली. आज परीक्षा. नापास झाला, तर ढम्याची रवानगी गोदामाच्या राखणीवर, साखळीसकट.

"चार फेऱ्या," परीक्षक डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डबे मी मांडलेत. रुग्णाचा कोणता, ते मलाच ठाऊक."

सरावात डबे मास्तर स्वतः मांडत. पण ते डगमगले नाहीत. घसा तेवढा सकाळपासून खवखवत होता.

ढम्या पहिल्या डब्याशी पोचला. मास्तर खाकरले. ढम्या बसला.

"चूक."

दुसऱ्या फेरीत मास्तरांनी श्वास रोखून धरला. तोंड लालबुंद झालं आणि तिसऱ्या डब्याशी खोकल्याचा बांध फुटला. ढम्या बसला, उठला, बसला, उठला. गृहपाठ विसरलेल्या पोरासारख्या उठाबशाच त्या!

"हा कुत्रा व्यायामाला आलाय का?" बाईंनी विचारलं.

कोपऱ्यातल्या बाकावरून मास्तरांच्या पत्नीने सुस्कारा सोडला. "अहो, पोर बरोबर उत्तराजवळ आलं की तुम्ही वर्गातसुद्धा असेच खाकरायचात. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला कोणी बोललं नाही ते?"

"बोलेल कोण? सगळे पास होत होते."

मास्तरांनी ढम्याकडे पाहिलं. तो कान टवकारून पुढच्या खाकरीची वाट बघत होता. मास्तर ताठ उभे राहिले.

"बाई, चूक माझी आहे, त्याची नाही. चारही फेऱ्या पहिल्यापासून घ्या. मी बाहेर थांबतो."

"तुमच्याशिवाय जमेल त्याला?"

"जमायलाच हवं."

बाहेर मास्तर तोंडावर रुमाल दाबून भिंतीला टेकले. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

"चारही बरोबर," बाई म्हणाल्या.

ढम्या शेपूट हलवत धावत आला. पत्नी हसली. मास्तर मात्र उघड्या दाराकडे बघत रुमालाची घडी घालत राहिले.

"आता काय झालं?"

"काही नाही गं," मास्तर हळूच म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदा तरी वर्गाबाहेर जाऊन उभं राहायला हवं होतं."