बाकीच्या पंधरांना कोण सांगणार?

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी फोनवर नेहमीचंच चाललं होतं.

"आई, बाबांना सांग, चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणावं."

"अहो, ऐकलंत का? चष्मा म्हणतेय." पलीकडे पुटपुट. "ते म्हणतायत, तिला सांग, गाडी हळू चालव. अगं, शेजारीच बसलेत! माझं काय टपालखातं केलंय का तुम्ही दोघांनी?"

महिन्याभराने लेक कामावर परतली. पुराचं पाणी कुठवर चढेल याचं गणित तिच्या ऑफिसात सोळा यंत्रं मिळून करायची आणि एकमेकांना आकडे धाडायची. ठिकाण, वेळ, पातळी असं एक नवं गाठोडं तिने ठरवलं. अशा गाठोड्यात काय कुठे आहे, हे यंत्रांकडे आधी नोंदवावं लागतं. तिने नोंदवलं, प्रोग्राम सुरू केला आणि सगळं क्षणात आडवं झालं.

केबल ढिली असेल, म्हणून तिने एक उपसून पुन्हा खोचली. ती निघाली शेजारच्या सहकाऱ्याची. त्याचं तीन दिवस चाललेलं काम जागीच मेलं.

"तीन दिवस मी त्याच्याजवळ शिंकलोसुद्धा नाही हो!" तो कळवळला.

त्याची समजूत घालायला साहेब आले. त्यांनी खात्रीसाठी सगळीच यंत्रं बंद करून चालू करायला लावली. त्याबरोबर दार उघडणारं हजेरीचं यंत्रही बंद पडलं आणि पन्नास माणसं खांद्याला बॅगा लावून दारात अडकली.

शेवटी यंत्रखोलीतले काका येऊन तिच्या मागे उभे राहिले.

"ही नोंद फक्त पहिल्या यंत्राकडे केलीस?"

"हो. ते सांगेल ना बाकीच्यांना."

"का सांगेल? ते काय तुझी आई आहे, निरोप पोचवायला? ज्याचं त्याला सांगावं लागतं, बाई!"

बोलून काकांनी जीभ चावली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

तिने नोंदीची ती एक ओळ जागा बदलून सगळ्यांसाठी केली. सोळाही यंत्रं मुकाट कामाला लागली. दार उघडलं, माणसं पांगली. ती जिन्यात थांबली आणि घरी फोन लावला.

"हॅलो."

"बाबा, मी."

"हां हां. थांब, हिला देतो..."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग तोच पुन्हा उचलल्याचा.

"नको, बाबा. तुमच्याशीच बोलायचंय." जिन्यात कुणी नव्हतं. "आईला फोन करायचे ना, तेव्हा तुमचाही आवाज ऐकावासा वाटायचा मला. कधी म्हटलं नाही."